वाघाच्या पाठीवरचा हात

बबनभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. अर्धी दाढी तशीच ठेवून निघालो; पण माझा खरा पराक्रम पुढेच आहे. अवसरीहून जुन्नरला गाडी मीच चालवत होतो. शेजारी माझी बायको मंदा, बबनभाऊंची धाकटी बहीण, पदर तोंडाशी धरून बसलेली. जुन्नरच्या बाजारचौकात गाडी वळली आणि माझ्या हातानं मला न विचारता हॉर्न वाजवला. दोनदा, वऱ्हाडाच्या गाडीसारखा. पानवाल्यानं चुन्याची काडी हातात तशीच धरून वर पाहिलं. मयताला निघालेल्या गाडीचा हॉर्न असा वाजत नाही, हे मला कळत होतं. हाताला अजून कळलं नव्हतं. बाजाराच्या दिवशी या चौकात आलं की मी हॉर्न वाजवायचा आणि वाघाशेजारी उभ्या असलेल्या बबनभाऊंनी हात वर करायचा, असं आमचं बरीच वर्षं चाललेलं. त्या दिवशी वाघ होता... मंदानं माझ्याकडे फक्त एकदा पाहिलं. त्यावर परवापर्यंत ती एक अक्षर बोलली नव्हती, आणि ती बोलत नाही म्हणजे काय, हे माझ्या वयाच्या नवऱ्यांना सांगायला नको.

हा वाघ म्हणजे सिमेंटचा बिबट्या. आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. तो चौकात बसवला बबनभाऊंनी, हे त्यांना ओळखणाऱ्या कोणालाही खरं वाटलं नसतं. बाजारपेठेत त्यांचं कासरे, वेसणी आणि घुंगरांचं दुकान. दुकानाला कुलूप लावल्यावर ते ओढून बघायचे, चार पावलं जाऊन परत येऊन ओढायचे, आणि मी सोबत असलो तर म्हणायचे, "पावणं, तुमी बी एकदा वढा." असा माणूस लोकांच्या आग्रहानं नगरपालिकेवर निवडून आला, आणि नेमकं त्याच सुमारास चौक सुशोभित करायला अनुदान आलं. मार्चअखेर खर्च झालं नाही तर परत जाणार होतं.

सभेत काय झालं ते त्यांनी आम्हाला घरी, बशीतला चहा गार होईपर्यंत सांगितलं. "कारंजं म्हनलं, तर बाया म्हनल्या, नळाला दिवसाआड पानी, आन् तुमी ते चौकात उडिवनार व्हय? पुतळा म्हनलं, तर कुनाचा यावरनं खुर्च्या सरकल्या. द्राक्षाचा घड म्हनलं, तर कांदेवाले उठून हुबे! मंग माझ्या तोंडातनं निघून गेलं, वाघ बसवा. वाघाला जात न्हाई, पक्ष न्हाई, काय न्हाई."

"मग?"

"मग काय, मंजूर झालं की पावणं..." जन्मठेप झाल्यासारखा चेहरा करून ते म्हणाले.

ज्यानं सुचवलं त्यानंच निस्तरायचं, हा आपल्याकडचा नियम. लोकवर्गणी गोळा करायलाही तेच फिरले. एका सराफानं चौथऱ्याला फरशी दिली. अट एकच, नाव वाघापेक्षा मोठं दिसलं पाहिजे. गणपती करणाऱ्या एका मूर्तिकारानं वाघ घडवला. गणपतीला हसरा चेहरा देऊन देऊन तो कंटाळला असावा. दबा धरलेला, मान खाली, खांदे वर आलेले... त्या वर्षांत उसात खरे वाघ फिरत होते. दिवस मावळायच्या आत माणसं पोरं घरात घेत. कापड दूर झालं तेव्हा टाळ्या वाजायला जरा वेळच लागला.

पुढच्याच बाजाराला ते घडलं. तरकारीची एक बैलगाडी चौकात आली, बैलांनी वाघ पाहिला आणि गाडीसकट मागे सरले. मागे डोंगराकडून नाचणी विकायला येणारी ठकूबाई बसली होती. कोणीतरी तिच्या नातवाला दंडाला धरून ओढलं, आणि गाडीचं चाक तिच्या पाटीवरून गेलं. पोरगं वाचलं. दुकानातून धावत आलेल्या बबनभाऊंना ठकूबाई एवढंच म्हणाली, "भाऊ, तुमच्या सिमिटाच्या वाघानं माझं पोर खाल्लं असतं."

त्यानंतर त्यांना घास गोड लागेना. पहिल्यांदा त्यांनी वाघ काढायचा अर्ज दिला. उत्तर असं की, बसवायला अनुदान होतं, काढायला नाही. तोंड फिरवावं म्हटलं, तर चौकाला चार रस्ते. कुठल्यातरी रस्त्याच्या बैलांना तो दिसणारच. फोन केला की मला विचारायचे, "पावणं, तुमी शिकल्यालं. बैलाला किती दिसांत सवय व्हती वो?" मी शेतकरी घरातला असूनही मला बैलाची शेपूट कुठल्या बाजूला असते एवढंच माहीत. मी म्हणालो, "होईल हळूहळू." "हळूहळू म्हंजी मधल्या टायमाला काय?" ते म्हणाले. 

उत्तर त्यांनीच काढलं. बाजाराच्या दिवशी दुकान मुलावर सोडून ते उजाडताच चौथऱ्यावर चढायचे आणि वाघाच्या पाठीवर हात ठेवून उभे राहायचे. बैलांना दिसावं की हे माणसाच्या हाताखालचं जनावर आहे. गाडी आली की "हो... हो... काय न्हाई रं राजा" असं बैलांना म्हणायचे, पण दुसऱ्या हातानं वाघाचा कान घट्ट धरलेला असायचा, हे मी जवळून पाहिलंय. लोक हसले. "सर्कस कधी सुरू व्हनार, भाऊ?" म्हणून कोणी ओरडायचं. मीही गंमत म्हणूनच पहिल्यांदा हॉर्न वाजवला. त्यांनी दचकून वाघालाच मिठी मारली, मग मला ओळखून हात वर केला.

बैल बुजायचे थांबले. काही वर्षांनी बैलगाड्याच थांबल्या. तरकारी टेम्पोतून येऊ लागली. नगरपालिकेवर दुसरी माणसं आली. बबनभाऊ मात्र दर बाजाराला तिथंच. मी एकदा म्हणालो, "भाऊ, टेम्पो बुजतो का?" "टेम्पो न्हाई बुजत," ते गंभीरपणे म्हणाले. "पन एखादी गाडी आलीच तर? बैल नवा असला तर?" जू घासून बैलाचा खांदा सोलवटतो, तशी वाघाच्या पाठीवर तळहाताएवढी जागा सोलली होती. पालिकेनं रंग दिला की ठिपके यायचे आणि यांच्या हातानं पुन्हा जायचे. ठकूबाई चौथऱ्याला टेकूनच बसू लागली होती. "भाऊ हाय तवर माझी जागा हितंच," म्हणायची.

परवा बबनभाऊंच्या मासिक श्राद्धाचं जेवण करून आम्ही जुन्नरहून परत निघालो, तो बाजाराचा दिवस होता. चौकात मी गाडी हळू केली. दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट धरले, हॉर्नपासून लांब. आणि समोरून, कित्येक महिन्यांत दिसली नव्हती अशी, एक बैलगाडी आली. एक बैल अगदी कोवळा. चौथऱ्यासमोर तो थबकला. कान उभे, नाक फेंदारलेलं. चाक इंचभर मागे सरलं. गाडीमागे माणसं, पाट्या, पोरं... माझा पाय ब्रेकवर.

ठकूबाई उठली. गुडघ्यावर हात देत चौथऱ्यावर चढली. तिचा हात वाघाच्या पाठीपर्यंत पोचेना, म्हणून तिनं तो त्याच्या पंजावर ठेवला. "काय न्हाई रं राजा," ती म्हणाली. बैल क्षणभर तिच्याकडे बघत राहिला, आणि मग गाडी पुढे निघाली.

मी तसाच बसून होतो. मागचा टेम्पोवाला ओरडायला लागला. मंदानं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "बैल लांब जाऊ द्या आधी... मग वाजवा. त्या दिवशीसारखा, दोनदा."