ढाण्याची पहिली गुरगुर

डॉक्टरीणबाईंनी आमच्या कुत्र्याच्या, ढाण्याच्या, मागच्या पायाचं बोट चिमट्यात धरून दाबलं. त्याने पाय झटकन ओढून घेतला, तसे माझे सासरे, आप्पा, म्हणाले, "कळतंय की वो त्याला."

"नाही आजोबा. पाय ओढायला मेंदू लागत नाही, ते मणक्यातल्या मणक्यातच होतं. त्याने वळून बघायला हवं, चिडायला हवं."

ढाण्याचे मागचे पाय अचानक लुळे पडले होते. एमआरआयमध्ये निघालं ते इंटरव्हर्टिब्रल डिस्क डिसीज, म्हणजे दोन मणक्यांमधली गादी सरकून मज्जारज्जूवर दाब आला होता. आणि ते वळून बघणं म्हणजे डीप पेन, खोलवरची वेदना कळणं. ती परत आली तर ढाण्या चालेल अशी आशा, नाहीतर अवघड. ऑपरेशन लगेच झालं. पुढचं सगळं फिजिओथेरपीवर, आणि त्यातलं बरंचसं घरीच.

अडचण अशी, की आमचा ढाण्या नावाचाच ढाण्या. आमच्या गावी, महाळुंग्यात, शेजारची मांजर त्याच्या ताटलीत जेवून जाते. असल्या गरीब जिवाने चिडायचं कधी?

कंपनीत जाण्याआधी मी त्याचे पाय सायकल चालवल्यासारखे फिरवायचे. गुळगुळीत फरशीवर तो घसरू नये म्हणून आप्पांनी हॉलभर गोणपाट अंथरलं. दवाखान्यात पाण्यातली ट्रेडमिल होती. पाणी अंगाचं वजन पेलतं, म्हणून लुळे पायही हलतात. मी काचेला नाक लावून बघत बसायचे. यातली कोणती हालचाल मणक्याची आणि कोणती ढाण्याची, हे काही केल्या ओळखू यायचं नाही.

संवेदना जागी व्हावी म्हणून बोटांच्या बेचक्यांत टूथब्रश फिरवायचं काम आप्पांकडे होतं. पाय ओढला गेला की मी हुरळायचे, आणि आता आप्पाच मला थांबवायचे. "त्यो न्हाई, त्याचा मणका हाय."

एका रविवारी ब्रश फिरत असताना ढाण्याने मान वळवली, आप्पांकडे रोखून पाहिलं आणि गुरगुरला. जन्मात पहिल्यांदा. आप्पांचा हात तिथेच थांबला.

"ह्यो मातुर त्योच हाय," ते म्हणाले आणि रडायलाच लागले. मीही रडले.

आता तो चालतो, मागचं धड थोडं झोकांड्या खातं. तुमच्या घरी हे चालू असेल तर एवढंच सांगते, पाय हलला म्हणून लगेच हुरळू नका, त्याच्या तोंडाकडे बघा. डॉक्टरीणबाईंचे आभार मानायला आम्ही पेढे घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी विचारलं, कशाचे?

आप्पा म्हणाले, "कुत्रं चिडलं माज्यावर, त्याचे."