मोठेबाबांचं दिवाळीतलं मरण

आमचे मोठेबाबा दरवर्षी दिवाळीत एकदा मरत. भाऊबीज आटोपलेली असे, सासरहून आलेल्या लेकी अजून माहेरीच असत, कापसाची वेचणी दोन दिवस थांबलेली असे. मोठेबाबा ओसरीवर खाट टाकायला लावत, तिच्यावर उताणे पडत आणि पासोडी डोक्यावरून ओढून घेत. आतून आवाज येई, "समजा मी मेलो. आता वावराचं बोला." मग चिडीचूप. कोणी कितीही हाका मारल्या तरी ते ओ देत नसत.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. पिंपळगाव राजाच्या शिवारात आमची जमीन आणि सगळा कारभार त्यांच्या हाती. आपल्यामागे कोणाला कोणतं वावर द्यायचं, हे त्यांनी मनाशी ठरवलेलं असे. पण दर दिवाळीला ते असं नव्यानं तपासून घेत. "माह्या मागं भांडसान तं मी काय पाहाले येणार हाव? आताच भांडून घ्या," असं त्यांचं म्हणणं. आणि त्यांचे दोघे मुलगे भांडतही झकास! एका वर्षी धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, आंब्यावरून जुंपली. थोरला दादा म्हणाला, "आंबा बाबानं मले कबूल केला होता," आणि पासोडीखालून सणसणीत शिंक आली. आम्ही पोरी तोंड दाबून हसलो. मोठेबाबा मात्र शिंकूनसुद्धा मेलेलेच राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आंबा दोघांत सामाईक केला.

मोठीमाय, म्हणजे त्यांची बायको, सुरुवातीला भारी चिडायची. "भरल्या दिवाळीत हे काय अभद्र लावलं हो! लोकं सण करून राह्यले अन् तुमी मरून राह्यले!" गावातही हसं झालं होतं. पारावरून कोणी विचारी, "काय पाटील, औंदा मेले का नाई अजून?" मोठेबाबा चालता चालताच सांगत, "परवा हाये. ये बसाले."

हसण्यासारखंच होतं ते. पण हे सगळं सुरू झालं माझे वडील गेले त्या सालापासून, हे आधी कोणाच्या ध्यानात आलं नाही. माझी माय ऐन तारुण्यात विधवा झाली. पदरात मी एकटी मुलगी. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपूरहून चाले. पण कारभार कुठूनही चालो, अशा बाईला घरात अन्नवस्त्र मिळे, वावर मिळत नसे. माझं लग्न झालं की माय दुसऱ्यांच्या चुलीपुढं उरलेला जन्म काढणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. तिला काय पाहिजे, हे कोणी विचारलं नाही.

तिला विचारावं असं वाटणारा माणूस एकच होता, आणि नेमकं त्यालाच तिला विचारता येत नव्हतं. मोठेबाबा तिचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. भासऱ्यापुढं आमच्याकडं धाकट्या भावाची बायको तोंड दाखवत नसे, मग बोलणं तर दूरच. मोठेबाबा घरात शिरण्याआधी अंगणातून खाकरत, आणि माय पदर हनुवटीपर्यंत ओढून आत सरके. तिला काही सांगायचं झालं तर ते माझ्याकडं बघून सांगत, "तुह्या मायले सांग, अंगात ताप असंन तं वेचणीले जाऊ नोको." माय माझ्या कानात उत्तर देई आणि मी ते मोठ्यानं सांगे. असे निरोप मी पुष्कळ पोचवले. पण जन्माचं काय करायचं, हे असं पोरीच्या तोंडून विचारता येतं का?

एकदा मी मोठीमायलाच विचारलं की मोठेबाबा असं का करतात. ती शेंगा निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुह्या मायसाठी, दुसरं काय! जित्या भासऱ्यापुढं धाकली तोंड उघडंन का? मेलेल्याची कायची लाज? तिनं बोलावं म्हणून मरून राह्यले थे दरसाली. अन् तुही माय उभी राह्यते दाराआड मुकी." हे कळल्यापासूनच मोठीमायनं चिडणं सोडलं होतं, हे मला तेव्हा उमगलं.

माय खरंच मुकी राही. स्वयंपाकघराच्या चौकटीवर तिची बोटं तेवढी दिसत. शेवटी पासोडीखालून विचारणा होई, "सगळे बोलले?" दादा म्हणे, "हो." "सगळे?" पुन्हा "हो." मग मोठेबाबा उठत. त्या वेळचा त्यांचा चेहरा मला बघवत नसे.

माझं लग्न ठरलं त्या दिवाळीला दादानंच विषय काढला. दादा वाईट नव्हता, जे सगळे धरून होते तेच त्यानं म्हटलं. "काकूचं काय, दोन वक्त जेवण अन् सालाचे दोन लुगडे. वावर तिले कायले? पोरगी तं चालली."

दाराआडून आवाज आला. मला आधी तो ओळखूच आला नाही.

"मले लुगडे नोको. मले विहिरीजवळचं वावर पायजे, माह्या नावानं. माही चूल येगळी पायजे. माही पोरगी दिवाळीले येईन, तं कोणाच्या घरी येईन?"

दादा गडबडला. खाटेकडं बोट करून म्हणाला, "काकू, बाबा ऐकून राह्यले ना!"

"थे मेले हायेत," माय म्हणाली. "मेले म्हणून तं बोलली."

कोणी हसलं नाही. पासोडी हलायला लागली होती. त्या दिवशी मोठेबाबा पुष्कळ वेळ उठले नाहीत, आणि उठले तेव्हा कोणाकडं न बघता गोठ्याकडं निघून गेले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी बैलगाडी जुंपली, दोन्ही मुलांना खामगावच्या कचेरीत नेलं आणि त्यांच्या सह्यांनिशी विहिरीजवळचं वावर मायच्या नावानं करून दिलं. दादा महिनाभर घुश्श्यात होता. पेरणीला मात्र पहिली बैलजोडी त्यानंच पाठवली.

पुढच्या दिवाळीला मी मायच्या घरी आले, तिच्या चुलीवरचं जेवले. मोठेबाबा अंगणातून खाकरून आले, बाहेरच बसले, माझ्याकडं बघून म्हणाले, "तुह्या मायले सांग, भाजी झकास झाली." त्या साली खाट काही ओसरीवर आली नाही. कोणी आठवण केली तर म्हणाले, "आता कायले मरू?"

पुढच्याच चैत्रात साध्या तापाचं निमित्त होऊन ते गेले. मी सासरहून पोचले तेव्हा त्यांना अंगणात ठेवलं होतं आणि बाया एकेक करून तोंडात पाणी घालत होत्या. मायची पाळी आली. ती पदर ओढूनच जवळ गेली, बसली, आणि मग तिनं स्वतःच्या हातानं पदर मागं सारला. पाणी घालायचं विसरून ती नुसती बघत राहिली. मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "त्याइच्या भिवईवर व्रण हाये. कायचा गं?"

"बैलानं शिंग मारलं होतं, माय. लहानपणी. साऱ्या गावाले माहीत हाये."

"मले माहीत नोतं," ती म्हणाली. "इतके वर्सं एका घरात राह्यली, अन् मले माहीत नोतं."

आणि मग सगळ्या बायांसमोर, बाप गेल्यावर लेक रडते तशी ती मोठ्यानं रडली.