वेणू खाजवते तेव्हा

वेणूने कोपर वर करून काखेत कराकरा खाजवलं आणि मैनाला तिचा हेवा वाटला.

हेवा करण्यासारखं आणखी पुष्कळ होतं. पनवेलच्या मासळी बाजारात वेणू मैनाच्या जागेवर बसत होती. मैनाचाच मासे कापायचा कोयता तिच्या पायाखाली होता. पण सगळ्यात जास्त झोंबलं ते खाजवणं.

दिवाळीआधी मैनाचा डावा स्तन काढला. जखम भरली. पण जो आता नव्हता, तोच खाजत होता. हात न्यावा तर खाली सपाट, बधिर कातडी. खाजवलं तर कळायचं नाही आणि पदर नुसता घासला तरी आग व्हायची. ऑपरेशनमध्ये नसा दुखावतात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. त्यांनी रात्रीची गोळी दिली. कातडीला स्पर्शाची सवय व्हावी म्हणून मऊ कापड रोज हलक्या हाताने फिरवायला सांगितलं. मैना जुन्या लुगड्याचा बोळा करून फिरवायची. दार लावून. नवऱ्याला, काशिरामलाही, आत येऊ द्यायची नाही.

बाजारातली जागा मुळात सासूची. सोनाबाईने मरताना दोन्ही सुनांना सांगितलं होतं, जिच्या हातची भवानी तिची जागा. दिवसाच्या पहिल्या गिऱ्हाइकाचा पैसा जी कपाळाला लावेल, ती मालकीण. तो मान थोरलीचा, मैनाचा होता. ती दवाखान्यात गेली तेव्हा धाकटी जाऊ म्हणून वेणू बसली. "तू बरी होईस्तवर," असं म्हणाली होती.

आज मैना डबा द्यायला आली होती. करंजाड्याच्या शिक्षिका सुनीताबाई, मैनाचं जुनं गिऱ्हाईक, समोर उभ्या होत्या.

"वेणू, तुझ्या तुकड्या कशा अगदी एकसारख्या असतात गं!"

मैनाने डबा ठेवला आणि ती घरी गेली. त्या रात्री तिने गोळी घेतली नाही. गोळीने सकाळी झापड यायची. उद्या तिला सगळ्यांच्या आधी बाजारात पोचायचं होतं.

ती पोचलीही. ब्लाउजमध्ये कापूस भरला होता. मासळी मांडून ती जागेवर बसली, तशी शेजारची शकू ओरडली, "आली गो आमची राणी!"

सुनीताबाई शाळेत जाता जाता आल्या. "अगं मैना! बरी आहेस ना? वेणू नाही आली?"

"मी हाय ना."

त्यांनी एक सुरमई निवडली. मैनाने कोयता पायाखाली धरला आणि बर्फातला गार मासा दोन्ही हातांनी पात्यावर दाबला. काखेतून बोटापर्यंत वीज गेली. सुरमई हातातून निसटून फरशीवर पडली.

"जिता हाय का गो मैने अजून तो?" शकू म्हणाली. बाजार हसला. मैनाही हसली. तिचे डोळे भरून आले होते.

सुनीताबाईंनी घड्याळ पाहिलं. "राहू दे गं. मी संध्याकाळी येते."

पहिलंच गिऱ्हाईक परत चाललं होतं. तेवढ्यात वेणू बर्फाची पाटी घेऊन आली. तिने फरशीवरची सुरमई पाहिली, मग मैनाचा चेहरा.

"बाई, थांबा जरा. ताई, सरक गो."

"भवानी माजी हाय."

"तुजीच हाय. कोयता दे."

वेणू जागेवर बसलीच नाही. शेजारी क्रेट उपडं करून त्यावर बसली आणि तिने सुरमई धुऊन कापली. तुकड्या एकसारख्या झाल्या. पैसे मैनाने घेतले, कपाळाला लावले. बरं वाटायला हवं होतं. पण तिला वाटलं, मन मोठं करणंसुद्धा हिलाच परवडतं.

गर्दी ओसरल्यावर वेणू म्हणाली, "गोळी खाल्ली नाय ना?"

"कोण बोललं तुला?"

"तोंड बघ तुजं."

मैनाने फरशीवर पाणी ओतलं. मग म्हणाली, "जिथं काय नाय, तिथंच खाजतं माजं. तू खाजवतंस नं, माजा जीव जळतो."

काखेकडे निघालेला वेणूचा हात वाटेतच थांबला.

"मंग सांगायचं ना. मी तिकडं तोंड करून खाजवीन."

मैनाला हसू फुटलं. "काय गो, काय झालं?" शकू विचारत राहिली. दोघींपैकी कोणीच सांगितलं नाही.

आता कोयता वेणूकडे असतो. मैना रात्री गोळी घेते, त्यामुळे सकाळी उशिरा येते. आधी गिऱ्हाईक आलंच तर वेणू त्याला थांबवते. "ताई येतेय, तिच्या हातची भवानी." गिऱ्हाईक कुरकुरतं, पण थांबतं.

हेवा काही गेला नाही. दिवसातून कधीतरी वेणू अचानक पाठ फिरवते. कशासाठी ते मैनाला कळतं. मग ती उजव्या हाताने बर्फ फोडत बसते, उगाचच, वेणू पुन्हा इकडे वळेपर्यंत.