पाळी थांबली म्हणून फोडलेला नारळ

माझा धाकटा भाऊ सयाजी तासगावजवळच्या आमच्या गावात तालीम चालवतो. त्याचा आधी हात चालतो, तोंड मागाहून. बायको गेल्यावर त्याची पोरगी समीक्षा मीच वाढवली, पण दहाव्या वर्षी त्यानं तिला लाल मातीत उतरवलं आणि ती माझी राहिली नाही. पकड सुटली की पाठीवर वेत बसायचा. सतराव्या वर्षी तिनं एका पोराला असं आपटलं की त्याचे दोन दात मातीतून चाळून काढावे लागले. सयाजी आठवडाभर गावाला तेच सांगत होता.

अडचण एकच होती. माती मारुतीची, म्हणून पाळीच्या दिवसांत मुलीनं कुस्तीच्या हौद्यात, त्या लाल मातीत, पाय ठेवायचा नाही. महिन्याचे चार दिवस समीक्षा दाराबाहेर बैठका मारायची आणि सयाजी आत दात-ओठ खात बसायचा. पुढं पन्नास किलोच्या गटासाठी त्यानं तिचं जेवण तोडलं. पाच तास मेहनत आणि दिवसाला दोन भाकरी. चौथ्या महिन्यात पाळी थांबली. सयाजीनं मारुतीपुढं नारळ फोडला. खोटं कशाला सांगू, खोबरं मीच वाटलं. देवानं पोरीची वाट मोकळी केली, असं आम्हाला खरोखर वाटलं.

नडगी दुखते म्हणायची, तर सयाजी तेल चोळून पुन्हा मातीत ढकलायचा. चौदा महिने असे गेले. मग जत्रेच्या फडात साताऱ्याकडची अंकिता समोर आली. पहिल्याच धडकेत समीक्षाचं नाक फुटलं. रक्त ओठांवरून हनुवटीवर आलं, तरी ती अंकिताच्या मानेवर कोपर रेटत राहिली. लोक बेभान होऊन ओरडत होते, त्यांत मीही होते. अंकितानं तिला उचलून टाकलं. पडणं साधंच होतं, रोज शंभरदा पडायची. पण हात खाली आला आणि मनगटाच्या वर हाड मोडलेलं मला बसल्या जागी ऐकू आलं.

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी हाडाचा फोटो पाहून पाळीचं विचारलं. चौदा महिने झाले, असं समीक्षानं बक्षीस जिंकल्यासारखं सांगितलं. बाई संतापल्या. मेहनतीनं हाड घट्टच होतं, त्या म्हणाल्या, पण पोटाला तेवढं मिळालं तर. उपाशी शरीर आधी पाळी बंद करतं, कारण पाळी चालवणारं इस्ट्रोजेन बनेनासं होतं, आणि हाडं राखणारंही तेच असतं. अठराव्या वर्षी हिची हाडं म्हातारीची झालीत. नडगीतही बारीक तडा निघाला. आणि पाळीत कुस्ती खेळली तर काय बिघडतं, हे मी विचारलं. काहीच नाही, त्या म्हणाल्या. मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

वर्षभर मी तिला पोटभर खाऊ घातलं. आठव्या महिन्यात पाळी आली. बाईंनी मातीत उतरायची परवानगी दिली, तेव्हा वजन सत्तावन्न होतं. सयाजीला पाळीचं आणि वजनाचं कळलं तसा तो चुलीपाशी आला आणि माझ्या हातातली परात भिंतीवर भिरकावली.

"हिचं खाणं तोड आक्का. वजन उतरलं की आपसूक बंद हुतंय ते."

पुढच्या पाळीत, भर सकाळी, समीक्षा सरळ तालमीत गेली आणि हौद्यात उतरली. पोरं बाजूला सरली. सयाजी वेत घेऊन धावला. पहिला फटका तिच्या खांद्यावर फुटला, दुसरा कानावर. तिसऱ्याला तिनं त्याचं मनगट पकडलं, बापाला पाठीवर घेतलं आणि मातीत आदळलं. त्याच्या छातीतला वारा गेला. तो उताणा पडून तोंड उघडझाप करत होता, आणि तिच्या कानातून रक्त गळत होतं.

"आबा, आज माजा दुसरा दिवस हाय," ती म्हणाली. "उठा. परत या."

सयाजी बराच वेळ उठला नाही. मी दारातच उभी होते, आणि भावाला हात द्यावा असं मला वाटलं नाही.