पनवेलच्या बाजारातली पाटी

मंडळी, आज दुपारी नातीबरोबर भविष्यकाळात घडणारी एक मालिका पाहिली. गुन्हेगार ठरलेली बाई जिवाच्या आकांतानं पळते आणि लोक तिचा व्हिडिओ काढत बसतात.

नात म्हणाली, "गुन्हा केलाय ना तिनं? भोगू दे मग!"

मी तिला साठ वर्षांपूर्वीचा पनवेलचा बाजार सांगितला. चोरीच्या संशयावरून लोक एका बाईला मारायला धावले, बाकीचे बघत राहिले. एका कोळणीनं मासळीची पाटी मधे ठेवली.

"चोर हाय तर पोलिसांत द्या. माजी पाटी कोन ओलांडतो, बगतेच मी!"

भरली पाटी म्हणजे अन्न, ती कुणी ओलांडत नसे. गर्दी थांबली.

मालिका पुन्हा सुरू झाली. नात प्रत्येक गर्दीत कोळीण शोधू लागली. "आजी, एकपण नाही गं!"

ती शोधत होती, याचंच मला बरं वाटलं. तुम्हाला कधी दिसली का हो अशी कुणी?