लोकांना बोलतं करणारा
कोलकात्यात चहाच्या टपरीवर दोन माणसं भेटली की गप्पांचा अड्डा जमतो. अशा शहरात लोकांना बोलतं करायला एका समाजसेवी संस्थेने वेबसाइट काढली. जणू शहर मुकंच होतं. ती चालवणारा गृहस्थ सॉल्ट लेक भागातल्या आमच्याच टपरीवर यायचा, कानांत इअरफोन घालून. चहासुद्धा बोट वर करून मागायचा.

एकदा मी त्याला समोरचं तुंबलेलं गटार दाखवलं. एका कानातला इअरफोन काढून तो हिंदीत म्हणाला, "दादा, साइटवर लिहा. इथलं बोलणं आम्ही संवादात धरत नाही."

मी लिहिलं. महिन्याभराने तो हसत आला. मी म्हणे सर्वांत जागरूक नागरिक ठरलो होतो. साइटसाठी माझा फोटो काढताना म्हणाला, "दादा, थोडं डावीकडे सरका. मागे गटार दिसतंय."