वकिलांना म्हातारं करणारा माणूस

पोटभर जेवलेल्या, धडधाकट वकिलांना भर दुपारी तासाभरात म्हातारं करून दाखवणारा माणूस जगात एकच आहे आणि तो आमच्या साताऱ्यात राहतो. त्यांचं नाव आमच्या वकिलांच्या बारमध्ये कुणी घेत नाही. सगळे नुसतं 'सर' म्हणतात. वकिलीत ते माझे सीनियर. गेली कित्येक वर्षं सातारा-सांगलीकडच्या वकिलांना मृत्युपत्रं, बक्षीसपत्रं आणि ज्येष्ठांचा कायदा शिकवत ते तालुक्या-तालुक्याला फिरतात. सनद हातात पडली की शिक्षण संपलं, असं मानणारी आमची जात. तिला शनिवारी दुपारी पुन्हा बाकावर बसवायचं म्हणजे मांजराला आंघोळ घालायची. सरांनी तोडगा काढला. त्यांनी आम्हाला बसवलंच नाही, आडवं केलं.

बाररूममध्ये जमखाना अंथरायचा, पंखा बारीक करायचा आणि काळे कोट उशाला घेऊन सगळ्यांनी उताणं पडायचं. मग पाटाचं पाणी लांबून यावं तसा सरांचा आवाज येई. "डोळं मिटा. आता तुमी म्हातारं झालाय. तहान लागलीय. तांब्या लांब हाय. हाक मारावी, तर घरात कोण हाय का न्हाई ते ठावं न्हाई. उठू नका. नुसतं पडून ऱ्हावा." पहिल्याच वर्गात कोरेगावच्या एका कठोर फौजदारी वकिलाच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी घोरलो. जागा झालो तेव्हा सर माझ्याकडे बोट दाखवून सांगत होते, "ह्यो एकटाच खरा म्हातारा झाला. बाकीची समदी नाटकं करत्यात."

त्यांच्या पिशवीत कायद्याची पुस्तकं कमी आणि जुने चष्मे जास्त. काचांना खोबरेल फासलेले. ते डोळ्यांवर चढवून आपणच केलेला दस्त आपणच मोठ्यानं वाचायचा. मला 'लिहून देणार' एवढंसुद्धा दिसलं नाही. "वाचा की वकील, थांबलासा का?" सर म्हणाले. "खाली तर तुमी लिवलंय, मजकूर वाचून, समजून-उमजून सही केली. म्हातारीनं कोंच्या डोळ्यानं वाचलं?" सगळे हसले. मीही हसलो, कारण माझ्या दस्तांत याहून मोठे पराक्रम होते. जुन्या मसुद्यावरून नवा उतरवताना एका धट्ट्याकट्ट्या पैलवानाच्या मृत्युपत्रात त्याच्या नावामागं मी 'कै.' लावून ठेवलं होतं. तो बिचारा शांतपणे म्हणाला, "वकीलसाहेब, जरा थांबा की, मी हाय अजून."

एकदा महाबळेश्वरला शिबिर होतं. बाहेर धुकं असं दाटलेलं की आपलाच हात परका वाटावा. सरांना कोण आनंद! "मोतीबिंदू फुकटात मिळाला, चला," म्हणून सगळ्यांना बाहेर काढलं, जरा लांब नेऊन सोडलं आणि ज्यानं त्यानं आपला आपण शिबिराचा हॉल शोधायचा. पांढऱ्या कापसात काळे कोट तरंगत होते, कुणीतरी कुणालातरी हाका मारत होतं, आणि आपण कुठल्या काळात आलोय तेच कळेना. मी स्ट्रॉबेरीच्या एका वाफ्यात जाऊन पोचलो आणि समोरच्या गृहस्थांना नम्रपणे विचारलं, "सर, हॉल कुणीकडं?" ते बोलेनात. बुजगावणं होतं. मागनं सर म्हणाले, "बघा, म्हाताऱ्या माणसाला कुणी जबाब देत न्हाई, ते असं."

पण ही विद्या खरी कामाला आलेली मी पाहिली ती विट्याजवळच्या एका गावात. तिकडची माणसं सोनं गाळायची दुकानं टाकून देशभर पांगलेली. माझा पक्षकारही त्यातलाच, दक्षिणेत दुकान असलेला. गावात आई एकटी. घर तिच्या नावावर. ते मुलाला बक्षीस द्यायचं, मग तो ते पाडून स्लॅबचं बांधणार. मी दस्त झोकात केला होता: 'प्रेमापोटी व आपुलकीपोटी' वगैरे. दुपारी नोंदणी होती. पुढं सांगलीत वर्ग म्हणून सर माझ्याच गाडीत होते. त्यांनी दस्त चाळला आणि हळूच विचारलं, "सांभाळाची अट कुठाय? उद्या पोरानं न्हाई बघितलं, तर आजीनं घर परत मागायचं कशाच्या जोरावर?" माझं प्रेम आणि आपुलकी दोन्ही जागीच वाळली.

गावात पोचल्यावर सर सोप्यात, म्हणजे दारालगतच्या पुढच्या खोलीत, आजींसमोर बसले; मुलगा नोंदणीसाठी आलेलाच होता. "आवं आजी, दुपारच्याला कुठं पडता?"

"हितंच की. दाराकडं डोकं करून."

"का वं?"

"परकं माणूस भायेरनं हाक मारतं. घरचं आलं की कडी वाजवतं. हितं पडलं म्हंजे कडी ऐकू येती."

"आन् नव्या घरात?"

आजींनी मुलाकडं बघितलं. "वरली खोली देनार हाय मला. माघारची. लय झ्याक हाय म्हनं."

मुलगा उसळला. "सर, मी काय आईला रस्त्यावर काढतोय? ए.सी. बसवनार हाय वर!"

"बसवा की. पर आदी जरा हितं पडा."

"कोण, मी?"

"तुमीच. आमच्यात वकीलसुदिक पडत्यात. तुमी तर घरचं हाय."

गळ्यात जाड साखळी, अंगात कडक पांढरे कपडे, असा तो गडी चेष्टेवारी नेत आईच्या घोंगडीवर आडवा झाला. सर बोलू लागले. कुठंतरी कडबा कापायचं यंत्र घुमत होतं, होला पक्षी एकसुरी साद घालत होता, कौलातल्या काचेतून आलेला उन्हाचा तुकडा भिंतीवरून सरकत होता. मुलगा रात्रभर प्रवास करून आलेला. हसता हसताच झोपला. आजी उशाशी बसून पदरानं वारा घालू लागल्या. मी सारखं घड्याळ बघत होतो. सरांनी खुणेनं मला ते खिशात घालायला लावलं. नोंदणीची वेळ टळून गेली. कुणीच हललं नाही.

एकाएकी तो दचकून उठला. "कडी वाजली का गं?"

"न्हाई रं," आजी म्हणाल्या. "वारा असंल. मलाबी वाटतं तसं."

त्यानं उठून दाराबाहेर डोकावून बघितलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "वकीलसाहेब, मागं काय बांधायचं ते बांधू. सोपा पाडायचा न्हाई. आई हाय तवर दार हेच, कडीबी हीच. लिवा."

"आन् सांभाळाची अट?" सरांनी विचारलं.

"घाला की. मी कुठं नको म्हनलो?"

दुसऱ्या दिवशी नोंदणी झाली. कडीची अट वाचून तिथल्या कारकुनानं मला विचारलं, "वकील, बरं हाय न्हवं तुमचं?" मी सरांचा शिष्य म्हणून छाती काढली. अटी माझ्याच अक्षरात होत्या.

पुढं काही महिन्यांनी आम्ही पुन्हा सांगलीला वर्गासाठी निघालो होतो. सर म्हणाले, जाता जाता आजींना बघू. मागच्या बाजूला नवं बांधकाम उभं होतं. पुढं सोपा जसाच्या तसा. मुलगा दस्त झाल्यावर दुकानावर गेला होता, तो अजून आला नव्हता. दुपार कलली नव्हती. सरांनी पुढं होऊन ती कडी जरा हातात घेतली, कौतुकानं, आणि वाजवली.

"आलास का रं?" आतून आवाज आला. एवढा तरणा आवाज त्या घरात असेल असं मला वाटलं नव्हतं.

भल्याभल्या न्यायाधीशांपुढं न अडखळणाऱ्या सरांनी कडी हळूच सोडली. मग म्हणाले, "मी हाय, आजी. वकील."

"तुमी व्हय," आजी म्हणाल्या. "या की. च्या ठेवते."

आम्ही चहा घेतला. आजींनी नवी खोली दाखवली, हौसेनं दाखवली. तिथून निघाल्यावर सर गाडीत डोळे मिटून बसले. मला वाटलं, झोपले. तासगाव आलं, मागं पडलं. द्राक्षांचे मांडव दोन्ही बाजूंनी सरकत होते.

"हाक मारायला पायजे होती रं," डोळे न उघडता ते म्हणाले. "आपण परकी माणसं."